हमामच्या भिंतीशी ठेवलेली पेटी

कब्बूर गेला तेव्हा मराकेशच्या चौकातले सगळे गारुडी ढसाढसा रडले, आणि डोळे पुसता पुसता त्याचे नाग वाटून घेऊन मोकळे झाले. उरली ती एक लांब, बिनविषारी धामण. थंडीने ती आखडली होती.

"हिचं काही खरं नाही, वहिनी," गारुड्यांचा म्होरक्या बूजमआ म्हणाला. "दे फेकून. वसंतात नवी धरू."

कब्बूरची बायको हनिया तडकली. "फेकून? माझ्या नवऱ्यानं तुझ्यासमोर हिला शब्द दिला होता. वर्षभर चौकात खेळ, पुढच्या वसंतात जिथून आणली तिथे नेऊन सोडीन. तो मेला म्हणून शब्दही मेला का?"

असा शब्द तिथे प्रत्येक सापाला देतात. पाळतात किती जण, ते विचारू नये.

खरं तर हनियाला साप डोळ्यांसमोर नको असायचा. जन्मभर तिने नवऱ्याच्या टोपल्या शिव्या देत ओलांडल्या. पण आता ती इरेला पेटली. तिने धामणीला मेंढीच्या कातड्यात गुंडाळलं, वर स्वतःचं घोंगडं घातलं. सकाळी बघते तर धामण गारच्या गार.

गल्लीतल्या हमामची, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराची, भट्टी सांभाळणारा अल्लालकाका हे ऐकून हसत सुटला. "अगं, घोंगडं अंगातली ऊब राखतं. हिच्या अंगात आहे काय राखायला?"

"मग तुझी ऊब दे. गल्लीभरच्या मटणाच्या हंड्या तुझ्या राखेत शिजतात, माझ्या धामणीलाच जागा नाही होय?"

"लोक म्हणतील, हंडीतून साप निघाला!"

"निघाला तर लिंबू पिळून खा म्हणावं."

अल्लालकाकाने लाकूडफाटा सरकवून जागा केली.

पहिल्याच दिवशी तिने धामणीला पेटीत घालून ती पेटी तापल्या भिंतीला टेकवली आणि धामणीचं पोट भाजलं. हनियाने स्वतःला चार शिव्या घातल्या, पोटाला तेल लावलं आणि मध्ये विटा रचल्या. आता पेटीचं एक टोक उबेत, दुसरं दाराच्या गारव्यात. धामणीने हवं तिकडे सरकावं. लपायला फुटक्या माठाचं खापर, कोपऱ्यात पाणी. येता-जाता ती मनगट टेकवून बघायची, तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं.

हमाममध्ये बातमी फुटली आणि बायकांनी बोंब ठोकली. हनिया दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भीती वाटते तिनं घरी तांब्याभर पाण्यात आटपावं!" घरी कोणी गेलं नाही. धामणीने पहिला उंदीर गिळला तेव्हा मात्र हनिया भट्टीमागे बसून रडली.

वसंतात धामणीने कात टाकली. बूजमआ रिकामी टोपली घेऊन हजर.

"कमाल केलीस वहिनी! चौक गाजवेल ही. आण इकडे."

"नाही."

"हे बाईमाणसाचं काम नव्हे."

"थंडीभर कुणाचं होतं मग?"

बूजमआने पेटीला हात घातला. हनियाने तो झटकला, पेटी उचलली आणि खांद्यावर बोचकं टाकलं. बोचकं भलतंच मोठं होतं.

"निघालीस कुठे?"

"दमनातच्या डोंगरात. हिला तिथूनच आणली होती."

"सापाला सोडायला एवढं सामान?" बूजमआ कुत्सितपणे हसला. "परत कधी यायचा विचार आहे?"

हनियाने वळूनही पाहिलं नाही. "मलाही त्यानं तिथूनच आणली होती, बूजमआ. आणि मलाही दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वसंतात नेईन."