खर्रा कोणत्या गालात

दातांवरून मृताची ओळख कशी पटवतात, यावर लेखासाठी मजकूर हवा होता, म्हणून नागपुरातल्या एका दंतचिकित्सक डॉक्टरांकडे मी गेलो होतो. ते पोलिसांना अशा कामात मदत करत. त्या दुपारी सावनेरकडची एक बाई दिराला घेऊन आली होती. तिचा नवरा पावसाळ्यापासून बेपत्ता होता. खाणीजवळच्या झुडपांत हाडे सापडली होती. ती त्याची आहेत का, एवढेच तिला हवे होते. त्याच्या दातांचा एक्स-रे कधी काढलेलाच नव्हता.

त्या हाडांतला जबडा आतल्या खोलीत होता. डाव्या दाढांवर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे गडद डाग, उजव्या बऱ्यापैकी स्वच्छ. डॉक्टरांनी हे मला सांगितले होते, तिला नाही.

“खर्रा कोणत्या गालात धरायचे?” त्यांनी विचारले.

“उजव्या. जेवाले वाढलं तरी गाल फुगलेलाच. थुका म्हणलं, तर म्हणे, थांब वं, आत्ताच तर रंगून राहिला.”

दीर हसला. “अंतरपाटामागंही दादाचा गाल फुगलेलाच होता.”

उजवा, म्हणजे जुळत नव्हते. डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर बसवले. “हेच तुमचे यजमान, जेवायला बसलेत समजा. यांच्या गालावर दाखवा.”

तिने बोट पुढे केले. ते तिच्या उजवीकडे, पण माझ्या डाव्या गालाजवळ थांबले.

आता तिचा उजवा धरायचा की त्याचा, मला कळेना. तिलाही कळेना. तिने स्वतःच्या एका गालाला हात लावला, मग दुसऱ्या.

“वहिनी, गाडीवर मांगं बसता तवा कुठून दिसे?” दिराने विचारले.

“जिकडं पाय सोडून बसतो, तिकडून,” ती म्हणाली आणि थांबली.

बायका पाय डावीकडे सोडून बसतात. हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होते.

“एवढ्यावरून काही ठरत नाही,” डॉक्टर म्हणाले. “असे डाग हजार माणसांना असतात. हाडांशी जुळवायला भावाचं रक्त तपासायला पाठवावं लागेल.”

“पण मी उजवा म्हणलं होतं,” ती म्हणाली. “साहेब, उजवाच लिहा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. दीर शर्टाची बाही वर सारू लागला, तर तिने त्याचे मनगट धरले.

“काहून घाई करता, भाऊजी? उजवाच होता.”