मामांची डावरी जीप

बारामती ते इंदापूर या रस्त्यावर डाव्या हाताला राहणारी जेवढी माणसं आमच्या मामांना ओळखत होती, तेवढी मतं मागत फिरणाऱ्या पुढाऱ्यालाही ओळखत नसतील. लासुर्ण्याचा रसवंतीवाला, निमगावचा पानमळेवाला, वाटेतल्या सायकल दुकानातली म्हातारी, सगळ्यांशी त्यांचा घरोबा. उजव्या हाताच्या लोकांशी मात्र साधी तोंडओळखही नव्हती. यात मामांचा काही दोष नाही. त्यांची जीपच बारामतीहून रिकामी परतताना डावीकडं जायची. ती ज्याच्या दारात शिरेल त्याच्याशी मामा दोन शब्द बोलत, चहा घेत आणि पुन्हा रस्त्याला लागत.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. इंदापूरच्या अलीकडं त्यांची डाळिंबाची बाग होती आणि बागेपेक्षा जुनी जीप. तिचा मूळ रंग मामींच्या मते हिरवा होता आणि मामांच्या मते मिलिटरीचा. नव्वदीच्या दशकात कधीतरी तिचे पुढचे पाटे, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या, पार बसले. मामांनी ते बारामतीच्या एका मिस्त्रींकडून बदलून घेतले आणि त्या दिवसापासून जीप डावीकडं ओढायला लागली.

दुसरा कोणी असता तर सकाळी गॅरेजच्या दारात भांडायला उभा राहिला असता. मामांनी जीपला बोल लावला नाही, स्वतःची बैठक बदलली. स्टिअरिंग उजवीकडं दाबून धरायचं, अंगही उजवीकडं कलतं ठेवायचं, जणू बाहेरून कोणी त्यांच्या कानात काही सांगतंय. डाळिंबाची खोकी सगळी उजव्या अंगाला रचायची. लग्नानंतर माझं वजन वाढलं याचा आनंद माझ्या आईखालोखाल मामांनाच झाला असेल. मला ते हटकून स्वतःच्या मागं बसवत आणि म्हणत, "जावईबापू, तुमी बसलं की गाडीला जरा वळण लागतं."

ओढण्याचं कारण विचारलं तर ते तयार असे. सकाळी बारामतीला जाताना ते म्हणत, "उजनीकडनं वारं येतंय." संध्याकाळी उलट्या दिशेनं येतानाही जीप डावीकडंच ओढते आहे हे मी दाखवून दिलं, तर शांतपणे म्हणाले, "सांजच्याला वारं फिरतं."

डावा पुढचा टायर आतल्या कडेनं घोटीव फरशीसारखा गुळगुळीत झाला होता आणि बाहेरच्या कडेला नक्षी अजून कोरी करकरीत. टायरवाला म्हणाला, "मामा, गाडी टायर खातीया. अलाइनमेंट करून घ्या." मामा म्हणाले, "खातीया तर खाऊ द्या. घरात खाणारं माणूस असावं."

आम्ही हे सगळ्यांना सांगून हसायचो. मग एक दिवस तो खाल्लेला टायर लासुर्ण्याजवळ फुटला. जीप रस्ता सोडून एका चिंचेच्या खोडाला जाऊन टेकली आणि शेजारी बसलेल्या मामींच्या कपाळाला खोक पडली. टाके घालून घरी आल्यावर मामांनी मामींना पाणी दिलं. मग म्हणाले, "झाड लईच कडंला लावलंय." पण त्या वाक्यात नेहमीचा जोर नव्हता. त्यांनी नवा टायर आणला, तो स्वतः बसवला आणि मिस्त्रींचं नाव काही काढलं नाही.

मामा माल घेऊन ट्रकबरोबर पुण्याला गेले, तेव्हा मामींनी मला बोलावलं. "पाव्हणं, त्या कॉम्प्युटरवाल्याकडं न्या हिला. ह्यांला मी बघते."

बारामतीत तेव्हा नुकतंच कॉम्प्युटरवर चाकं सरळ करून देणारं दुकान निघालं होतं. तिथल्या माणसानं जीपखाली डोकावून सांगितलं, की एका बाजूचा पाटा त्याच्या जागी बसलेलाच नाही, म्हणून पुढची चाकं तिरकी झाली आहेत. त्यानं नट सोडून पाटा नीट बसवला, चाकं मापात आणली आणि मी स्टिअरिंगला जेमतेम दोन बोटं लावून इंदापूरला परत आलो.

मामा पुण्याहून आले, चहा पिऊन जीपमध्ये बसले आणि सवयीप्रमाणे उजवीकडं कलून, स्टिअरिंग दाबून निघाले ते थेट उजवीकडच्या शेजाऱ्याच्या कांद्यात. त्या शेजाऱ्याशी त्यांची ही पहिली भेट. कांद्यातूनच त्यांनी विचारलं, "हिला कुणी हात लावला?"

"मी लावायला लावला," मामी म्हणाल्या. "कपाळ दाखवू का?"

मामा रागावले नाहीत. घाबरल्यासारखे दिसले. "अगं, त्याला कळलं तर?"

तेव्हा मला कळलं. ते मिस्त्री आणि मामा सांगवीच्या शाळेत एका बाकावर बसायचे. मिस्त्रींची नजर अधू झाली होती, गिऱ्हाईकं एकेक करून दुसरीकडं गेली होती, मामा तेवढे राहिले होते. "गाडी वडती म्हणलो असतो, तर त्यानं त्याच दिशी शटर खाली वडलं असतं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच मिस्त्रींकडं गेले. मला साक्षीला नेलं. मिस्त्रींना शेजारी बसवून मोकळ्या मैदानात जीप पळवली आणि दोन्ही हात वर केले. जीप सरळ गेली. "बघ," मामा म्हणाले, "नवीन काम मुरायला येळ लागतो. लोणच्यावानी."

मिस्त्री उतरले, चाकाशी उकिडवे बसले आणि आत हात घालून चाचपू लागले. "ह्यो नट माझ्या हातचा न्हाय," ते म्हणाले. "मी वंगण लावल्याबिगर नट आवळत न्हाय. तवाच का न्हाय सांगितलंस?"

"सांगणार व्हतो. पर वारं लई हुतं."

मिस्त्री हसले ते ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसून त्यांनी हळूच विचारलं, "वहिनींच्या कपाळाला लागलं, ते ह्याच्यापायी व्हय?"

मामांकडं वाऱ्यापासून चिंचेपर्यंत सगळी कारणं होती. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही. दोघं जीपच्या सावलीत बसून राहिले आणि बोलले ते एकदम शाळेतल्या गुरुजींविषयी.

त्यानंतर मिस्त्रींनी काम बंद केलं. पुढं मुलीकडं पुण्याला राहायला गेले. जीप आता सरळ धावायची, टायर सगळीकडून सारखे झिजायचे आणि मामा बारामतीला वेळेवर पोहोचायचे. एकदा भर दुपारी मी त्या बाजूनं चाललो होतो, तर मिस्त्रींच्या बंद शटरसमोर जीप उभी. मामा आत बसलेले, हात मांडीवर.

"काय झालं, मामा?"

"काय न्हाय. इंजिन तापलंय. जरा निवू द्या म्हणलं."

मी सहज बॉनेटवर हात टेकला. ते केव्हाच थंड झालं होतं. मी जीपमध्ये चढलो आणि इंजिन निवेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिलो.