शिंप्याचं झाड पाटाच्या तोंडाशी

नवा महाराष्ट्र होऊन एखादं-दोन वर्स झाले असतीन. मी अमरावतीजवळ संत्र्याच्या बागेत पाणी फिरवाच्या कामावर होतो. शाळेत गेलोच नाई, म्हणून इसरावं असं माह्या डोक्यात काही नव्हतं. पण बायको इसरू लागली. चहात साखरेच्या जागी मीठ, आन तेही माह्याच कपात! दोन दिवस मी मुकाट्यानं पेलो. म्हटलं, रागावली असीन.

पण तिच्या माहेरचा, चांदूर रेल्वेचा शिंपी तिले पक्का याद. लग्नातलं पोल्कं त्यानं शिवलं होतं. त्याच्या बटनाचा रंग सांगे, त्याच्या मिशा सांगे.

"आन लग्नात माह्या अंगात काय होतं?"

"होतं काहीतरी."

दुसऱ्याच दिवशी मी तिले अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं माहेरच्या लोकायचे नावं इचारले. बाप, भाऊ, आन त्यायच्या पाठोपाठ शिंपी! मंग इचारलं, "मालकांचं नाव?" तिनं पदर ओढला, मान खाली घातली. डॉक्टरनं कागदावर फुली मारली. ती फुली माह्या छातीवरच बसली.

डॉक्टर मले म्हणाले, "मेंदूला रक्त कमी पोचतंय. रक्तातली साखर जाळून मेंदू चालतो."

"मंग साखर चारू का?"

ते हासले. "साखर आहे हो. रक्ताची वाट अरुंद झालीय."

मले बाग दिसली. पाटाले पाणी कमी असलं का तोंडाशी असलेले झाडं पितात, शेवटची ओळ सुकते. शिंपी पाटाच्या तोंडाशी आन मी शेवटच्या ओळीत!

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं तरी मी फुगूनच होतो. ती म्हणाली, "काहून बोलत नाई? त्या डॉक्टरले काही लाज? परक्या माणसासमोर नवऱ्याचं नाव घे म्हणते!"

मी एकदम सरळ बसलो. "मंग याद हाये तुले?"

"हाये नं."

"घे मंग. इथं कोण हाये?"

"असंच कसं घेऊ? उखाणा लागते. आन उखाणा आठवून नाई राहिला."

मंग बडनेऱ्यापर्यंत मीच उखाणे जुळवले. संत्र्याचे, बैलाचे, चहातल्या मिठाचे. ती पोट धरून हासली, पण नाव काही घेतलं नाई. खरंच याद होतं का नाई, मले आजलोक मालूम नाई.

शिंप्याचं नाव मात्र ती उखाण्याशिवायच घे. त्याचा मले अजून राग हाये.