करडू रवंथ करते तेव्हा

आमची वाघोलीतली सोसायटी नवी होती, तेव्हा फाटकासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर गावातली एक म्हातारी रोज सकाळी शेळी आणि तिचे करडू घेऊन येई. तिचे नाव मी कधी विचारले नाही. शेळीचे दूध आटत चालले होते आणि करडू पाल्याला तोंड लावत नव्हते. म्हातारी सुबाभळीची डहाळी त्याच्या नाकापुढे हलवत बसे. मध्येच एक पान स्वतःच्या दातांत धरून चावल्यासारखे करी आणि त्याच्याकडे तिरपे बघे.

तळमजल्यावरच्या बाईंना ते बघवेना. त्या करडाला बाटलीने दूध पाजू लागल्या. म्हातारीने पाहिले, पण ती रागावली नाही.

"ताई, बाटलीनं ह्याची भूक मरतीय, आन् पोट तर पाल्यानंच घडतं. उद्या आईचं दूध आटल्यावर ह्याला लिफ्टनं वर नेणार हाय का तुमी?"

"तळमजल्याला लिफ्ट कशाला लागते?" बाई म्हणाल्या, पण बाटली बंद झाली.

मग करडू भुकेने पाने कुरतडू लागले. एके सकाळी ते फाटकातच बसले होते आणि त्याचा जबडा सावकाश हलत होता. आयटीवाल्यांना न्यायला आलेल्या गाडीने हॉर्न वाजवला. म्हातारी हात पसरून गाडीपुढे उभी राहिली.

"वाजवू नगा! पैल्यांदा रवंथ करतंय. दचकलं तर थांबंल."

ड्रायव्हरने इंजिन बंद केले. मलाही ऑफिसला उशीर होत होता. पुण्यात त्यानंतर मी पुष्कळदा अडकलो, पण इतक्या समाधानाने कधी खोळंबलो नाही.