हंड्याचा नंबर

अलफिया हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून आमच्या संशोधन संस्थेत आली. तिचे वडील मैनुद्दीनचाचा बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे नेमकं काय दुरुस्त करतात?"

"पूर येण्याआधी नदीकाठची वस्ती कशी हलवायची, ते शोधतो."

त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

अलफियाने मुठेकाठच्या एका वस्तीत घरटी एक मोबाईल नंबर गोळा केला. धरणातून पाणी सोडलं की सगळ्यांना मेसेज जाणार. रंगीत तालीम भर दुपारी झाली. मेसेज ब्याण्णव गेले, माणसं अकरा बाहेर आली. पायांनी अधू, एकटे राहणारे रामदासतात्या खाटेवरच राहिले. पाणी खरं असतं, तर ते गेलेच असते.

"मोबाईल नवऱ्याबरोबर कामावर जातो गं," संध्याकाळी घरी परतलेल्या विमलाबाई म्हणाल्या. या बाई मंडईत भाजी विकत आणि टोमणे फुकट देत.

दुसऱ्या दिवशी अलफिया पहाटेच नळावर जाऊन बसली. हंड्यांची रोजची ठरलेली रांग होती, बायका आपापल्या घरात. पाणी आलं की पहिली दुसरीला हाक मारी, दुसरी तिसरीला. एखादी नसली, तर मागची तिचा हंडा पुढे सरकवी. भांडणं व्हायची, पण हंडा सरकायचा. विमलाबाईंच्या हंड्याशेजारी तात्यांचा पिवळा कॅन रोज असे.

अलफियाने आपली यादी फाडली. निरोप आता याच रांगेने जाणार होता, आणि तात्या विमलाबाईंच्या जबाबदारीवर.

"नळाच्या रांगेवर जीव सोपवायचे?" मी शहाणपणा केला.

ऑगस्टमध्ये दुपारी पाणी सोडलं. अलफियाने रांगेतल्या पहिल्या बाईला फोन केला, तिचा मोबाईल घरीच असे, आणि आम्ही निघालो. पुलावर वाहतूक तुंबलेली, म्हणून पळत सुटलो. मध्येच ती थबकली. "सर, विमलाबाई या वेळी मंडईत असतात! तात्यांना कोण आणणार?"

आम्ही आणखी जोरात पळालो.

वस्तीत पाणी शिरलं होतं. आम्ही वरच्या शाळेत धावलो. तात्या बाकावर चहा पीत बसलेले. शेजारी रांगेतली विमलाबाईंच्या मागची वासंती ओलं लुगडं पिळत उभी होती.

"तू आणलंस?" अलफियाने विचारलं.

"मग? बाई मंडईत. त्यांचा हंडा मागचीनेच सरकवायचा ना?"

अलफिया तिथेच फरशीवर बसली आणि रडली. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.