एवढंच बोलायला

काल एसटीत समोरची मुलगी आईला म्हणाली, "पानी दे." शेजारच्या गणवेशातल्या दोघी खुसखुसल्या, तशी ती तोंड मिटून बाहेर बघत बसली.

"तिला हसू नका," मी त्या दोघींना म्हटलं. एवढंच बोलायला मला चाळीस वर्षं लागली होती.

सातवीत कमल खेड्यातून आमच्या शाळेत आली आणि माझ्या बाकावर बसू लागली. तिच्या बोलण्याला सगळा वर्ग हसायचा. एकदा बाईंनी तिला धडा वाचायला सांगितला. ती उभी राहिली, पण तोंडच उघडेना. बाईंना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी तिला तासभर उभं ठेवलं. ती का वाचत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी पुस्तकात डोकं घालून बसले. आपण हसत नाही म्हणजे आपण चांगल्या, असं मला तेव्हा वाटायचं.

मागच्या वर्षी ती एका लग्नात भेटली. धीर करून म्हटलं, "कमल, तेव्हा मी बाईंना सांगायला हवं होतं."

'जाऊ दे गं, लहान होतो आपण,' असं ती म्हणेल, अशी माझी समजूत होती.

"हो, सांगायला हवं होतंस," ती शांतपणे म्हणाली. मग शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून म्हणाली, "बस."