डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा

फौजेतली माझी शेवटून दुसरी पोस्टिंग लडाखमध्ये होती. हुद्दा हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. आमच्या वर्कशॉपचं काम एवढंच, की वरच्या पोस्टांना रसद नेणाऱ्या गाड्या चालू ठेवायच्या. सकाळी इंजिन गरम करायचं, डिझेल गोठलं असेल तर लाइन मोकळी करायची, ब्रेक तपासायचे, आणि गाड्या परत आल्या की पुन्हा तेच. मी मूळचा काटेवाडीचा. उसाच्या पाटात पाय सोडून बसणारा माणूस बर्फात गाडीखाली आडवा व्हायला शिकला, यातच काय ते समजा.

नायक इक्बाल मुलाणी आमच्या कॉन्व्हॉयचा ड्रायव्हर. गाव पळसदेव. फौजेत आपल्या भागातल्या माणसाला गिराईं म्हणतात. आम्ही दोघे गिराईं एकत्र आलो की मराठीत सुरू व्हायचो आणि बाकीचे वैतागायचे. लंगरमध्ये, म्हणजे फौजी भोजनगृहात, डाळ वाढली की इक्बाल हमखास उजनीच्या माशांचा विषय काढायचा. माझी भूक मारायचा आणि स्वतः दोनदा डाळ घ्यायचा.

त्याच्याकडे जुन्या बनावटीचा ट्रक होता. वायरिंग नावालाच. त्यात काहीही बिघडलं तरी पाना, हातोडी आणि थोडी शिवीगाळ एवढ्यावर तो दुरुस्त व्हायचा. त्या वर्षी आम्हाला नव्या गाड्या आल्या. इंजिनावर सेन्सर, ब्रेकवर एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि या सगळ्यावर हुकूम चालवणारे बंद डबे. पहिल्याच थंडीत त्यातली एक गाडी हॉल्टवर रुसून बसली. इंजिन ठणठणीत होतं, पण डब्याला ते पटत नव्हतं. खालून लॅपटॉप येईपर्यंत आम्ही हात चोळत उभे. इक्बालने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "उस्ताद, हिला मिस्तरी न्हाय, वकील लागतोय."

मीही हसलो. तेव्हा मलाही तसंच वाटायचं.

मात्र हाच इक्बाल पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीवर घरी गेला आणि गाडी घेतली ती एबीएसवाली, वरचं मॉडेल. मी त्याला डिवचलं, की आता वकिलाची फी कोण भरणार? तो म्हणाला, गाडी त्याची बायको चालवणार होती, पोरीला घेऊन. आपण काय, कशावरही बसतो.

ती सकाळ नोव्हेंबरातली. साडेसहाला कॉन्व्हॉय उतरायला लागला. पुढे नवी गाडी, तिच्यामागे इक्बालचा ट्रक, मग इतर, आणि शेपटाला, अडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत, मी. बर्फाचा पट्टा संपल्यावर नियमाप्रमाणे चाकांच्या चेन उतरवल्या. रस्ता कोरडा होता. फक्त एका वळणावर कड्याची सावली पडायची. आदल्या दिवशी वितळलेलं पाणी तिथे रात्रीतून गोठलं होतं. असा बर्फ दिसत नाही. रस्ता ओला आहे, एवढंच वाटतं.

रेडिओवर आवाज आला. "दो नंबर गाडी नीचे गई है. ओवर."

मी विचारलं, "कौन सी? ओवर."

"मुलाणी. ओवर."

इक्बालचा सहचालक रस्त्याच्या कडेला बसला होता. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. इक्बाल उस्ताद एकच शब्द बोलला, कूद, असं तो आम्हाला पुनःपुन्हा सांगत होता. आम्ही दोर लावून खाली उतरलो. इक्बाल स्टेअरिंगमागेच होता. त्याला वर आणेपर्यंत दुपार झाली.

मेजरसाहेबांनी मला गाडी तपासायला सांगितलं. मी ती पुन्हा खाली जाऊन तपासली. मग वळणावर येऊन रस्ता पाहिला. चाकांच्या दोन काळ्या रेघा सरळ दरीच्या कडेपर्यंत गेल्या होत्या. पट्टीने आखाव्यात तशा. रस्ता वळला होता, रेघा वळल्या नव्हत्या.

साहेबांनी विचारलं, "ब्रेक?"

"लगे थे, साहब."

ब्रेक लागले होते, तेही पुरते. चाकं जाम झाली, आणि जाम झालेलं चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. अशा वेळी पेडलवरून पाय उचलून पुन्हा दाबायचा असतो. इक्बालला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पाय उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढाही त्याला मिळाला नाही. त्याच्याआधी नवी गाडी त्याच वळणावरून गेली होती. तिच्या ड्रायव्हरनेही घाबरून ब्रेक मारला होता. पेडल पायाखाली थरथरलं, गाडी थोडी घसरली आणि वळली, असं त्याने सांगितलं. वकील लागणारी गाडी खाली सुखरूप पोहोचली.

त्या संध्याकाळच्या रोलकॉलला हजेरी घेणाऱ्याने सवयीने इक्बालचं नाव पुकारलं. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने पुढचं नाव घेतलं.

निवृत्त झाल्यावर मी काटेवाडीत छोटं गॅरेज टाकलं. चहाच्या टपरीवर माझी ठरलेली परीक्षा असते. कुणाची तरी गाडी कंपनीने चार दिवस अडकवून ठेवलेली असते. मग सगळे माझ्याकडे वळतात. हवालदार, तुम्हीच सांगा, जुन्या गाड्याच बऱ्या होत्या का न्हाय? फौजी माणूस मान डोलावणार, याची त्यांना खात्री असते. मी चहा पितो. वाद घालायला माझी हरकत नाही, उलट मला त्याची खोडच आहे. पण या वादात ते वळण डोळ्यांपुढे येतं आणि जुन्या गाडीची बाजू घेववत नाही.

यंदा उन्हाळ्यात इक्बालची बायको, मुमताजवहिनी, गॅरेजवर आल्या. पळसदेवला त्यांचं मासेमारीच्या जाळ्यांचं आणि दोरांचं दुकान आहे. इक्बाल गेल्यावर त्यांनी ते उभं केलं आणि त्याच गाडीतून माल आणून चालवलं. अफरीनला, म्हणजे लेकीला, बारामतीच्या कॉलेजात सोडून त्या आल्या होत्या. अफरीनचं लायसन आलं होतं. पुढच्या आठवड्यापासून ती एकटीच हायवेने गाडी नेणार होती. त्याआधी ऑइल बदलून एकवार सगळं बघा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी गाडीत बसलो आणि किल्ली अर्धी फिरवली. किल्ली फिरवली की डॅशबोर्डावरचे सगळे दिवे क्षणभर लागतात आणि मग एकेक करून विझतात. गाडी स्वतःचा रोलकॉल घेते म्हणा ना. बॅटरी हजर, ऑइल हजर, एअरबॅग हजर. एबीएसच्या पिवळ्या दिव्याची जागा काळीच राहिली. मी किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. तेच.

डॅशबोर्ड उघडला. आत त्या दिव्यावर काळी टेप चिकटवलेली होती, नीट कापून. वहिनींनी सरळ सांगितलं. दिवा वर्षभरापासून सारखा पेटलेला राहायचा. कंपनीच्या सेंटरमध्ये दाखवलं, तर ते म्हणाले एबीएसचा हा डबा आता येत नाही, गाडी जुनी झाली, बदलून टाका. गाडी विकायची नाही, हे वहिनींचं ठरलेलं. मग वाटेतल्या एका मिस्तरीने टेप लावून दिली.

"भाऊजी, बिरेक लागत्यात की," त्या म्हणाल्या. "रोज निघायच्या आधी मी पाय दाबून बघती. मग दिवा कशाला पायजे?"

माझ्या हातातला पाना मी खाली ठेवला. मला त्या मिस्तरीचा राग आला, सेंटरवाल्यांचा त्याहून जास्त आला. वहिनी रोज पेडल का दाबून बघतात, ते मला कळलं. इक्बालच्या ट्रकचे ब्रेक फेल झाले, असंच त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. शवपेटीबरोबर मीच आलो होतो. त्यांनी काही विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. भावकीतले काही जण, पोरगा जोरात चालवत असणार, असंही कुजबुजले होते.

गाडी इथेच राहील, असं मी सांगितलं. त्यांना बसमध्ये बसवून दिलं. फौजेत नादुरुस्त गाडीला पाटी लावतात आणि मग कर्नल आला तरी ती गेटबाहेर जात नाही. मी पुठ्ठ्यावर 'ऑफ रोड' लिहून काचेला लावलं. टपरीवर त्याचीही चेष्टा झाली.

डबा काढून मी वालचंदनगरला नेला. आमच्याच वर्कशॉपमधले रेडिओ मेकॅनिक, सुभेदार लोंढे, तिथे मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतात. त्यांनी डबा चारही बाजूंनी फिरवून पाहिला. त्यांचा आवाज चढला, आणि सुभेदारसाहेबांचा आवाज सहसा चढत नाही.

"एक बी स्क्रू न्हाय, हवालदार. झाकण चिकटवलंय. म्हंजे आत कुणी बघूच नये, असंच ठरवून केलंय ह्ये."

त्यांनी पातं तापवून झाकण कापलं. भिंगाखाली केसाएवढी एक तार तुटलेली दिसली. एवढीशी तार तुटली म्हणून अख्खी गाडी बदला, असा सल्ला मिळाला होता. साहेबांनी ती जोडली. डबा बसवला, दिवा विझला, आम्ही खुशीत चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा पेटला. तो जोड गाडीच्या हादऱ्यांना टिकत नव्हता.

मग फौजेचीच रीत कामी आली. वरच्या पोस्टांना सुटे भाग वेळेवर पोहोचत नसत, तेव्हा एक मेलेली गाडी कोपऱ्यात उभी करायचो आणि तिच्या जिवावर बाकीच्या जगवायचो. बारामतीच्या भंगारवाल्यांकडे मी त्याच मॉडेलच्या ठोकलेल्या गाड्या हुडकत फिरलो. दोन डबे मिळाले. एक जळका निघाला. दुसऱ्यातून साहेबांनी आतली सर्किटची पट्टी काढली, पण गाडीची ओळख ज्या चिपमध्ये असते ती वहिनींच्याच डब्यातली बसवली. चार दिवस मी ती गाडी मुद्दाम खराब रस्त्यांवर फिरवली. दिवा लागला नाही.

त्या चार दिवसांत बराच विचार केला. हे सगळं जमलं, कारण लोंढेसाहेबांचा हात अजून थरथरत नाही आणि भंगारात त्या मॉडेलच्या गाड्या अजून सापडतात. आणखी दहा वर्षांनी दोन्ही नसतील. मला जुना ट्रक परत नको. जो पान्याने दुरुस्त व्हायचा त्याच ट्रकमधून मी इक्बालला बाहेर काढलं आहे. मला तो डबा हवाच आहे. फक्त त्याला स्क्रू असावेत, आतला नकाशा मिळावा, आणि ज्या माणसाचा जीव त्याच्यावर आहे त्याला तो उघडता यावा. गाडी विकणाऱ्याने जीव वाचवणारी वस्तू द्यायची आणि दहा वर्षांनी ती आता येत नाही म्हणून हात झटकायचे, हे मला पटत नाही. फौजेत असं केलं असतं तर क्वार्टर गार्डच्या कोठडीत बसवलं असतं.

गाडी घेऊन मी पळसदेवला गेलो. उजनीचं पाणी उतरलं होतं. धरणात बुडालेल्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं आणि अलीकडे खडी-मातीचं मोकळं मैदान झालं होतं. वहिनी आणि अफरीन दोघींना तिथे बोलावलं. दुकानातला एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम मधोमध ठेवला. मग एबीएसचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि वहिनींना सांगितलं, वेगात या, ड्रमच्या अलीकडे पूर्ण ब्रेक मारा आणि उजवीकडे वळवा.

त्या आल्या. ब्रेक कडक लागले. स्टेअरिंग पूर्ण फिरलेलं होतं आणि गाडी मात्र सरळ गेली. ड्रम उडून लांब पडला. वहिनी उतरल्या आणि मागे चालत गेल्या. खडीत दोन सरळ रेघा उठल्या होत्या.

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. सावलीतलं वळण, न दिसणारा बर्फ, काळ्या रेघा, मेजरसाहेबांचा प्रश्न आणि माझं उत्तर. तो जोरात नव्हता, हेही सांगितलं. ट्रक खराब नव्हता, हेही. अफरीन आईचा दंड धरून उभी होती.

मी फ्यूज परत बसवला आणि ड्रम जागेवर ठेवला. वहिनी पुन्हा आल्या, तशाच वेगात. पेडल दाबलं तसा खर्रर्र आवाज आला. गाडी ड्रमला वळसा घालून उभी राहिली.

काच खाली करून त्या म्हणाल्या, "पायाखाली थरथरलं, भाऊजी."

"थरथरू द्या. पाय सोडायचा नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं. मग विचारलं, "ह्ये त्यांच्या गाडीत न्हवतं?"

"नव्हतं."

"असतं तर?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि कमीही सांगायचं नव्हतं. "बहुतेक वळली असती, वहिनी."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि उतरून अफरीनला जागा दिली. अफरीनने पट्टा लावला, किल्ली अर्धी फिरवली आणि लगेच पुढे फिरवायला गेली. वहिनींनी खिडकीतून हात घालून तिचं मनगट धरलं.

"थांब. पिवळा दिवा लागलाय का बघ. लागून विझू दे. मग नीघ."

दिवा लागला. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत राहिलो. मग तो विझला आणि पोर निघाली.

नायक इक्बाल मुलाणी, राहणार पळसदेव, ड्रायव्हर. गाडी वेगात नव्हती. सहचालकाला त्याने वाचवलं. ब्रेक लागले होते.